मागच्या खोलीसकट घेतलेला कारखाना

काकू, तुमचं तेरावं आटोपून तुमची लेक काल दुपारच्या एसटीने समुद्रपूरला परत गेली. निघताना तिने मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, आता पुरा कारखाना तुमचा झाला, भाऊ. बिचारी सरळ मनाने म्हणाली. मला मात्र ते झोंबलं. अकरा वर्षांपूर्वी सौदा करताना याच खोलीवरून मी तुमच्याशी हुज्जत घातली होती, हे तिला ठाऊक नाही.

आज लेथ सुरू केला नाही. यशवंता सकाळी नेहमीसारखा कामावर येऊन बसला, दोन पटाशांना धार लावली आणि निघून गेला. सुमन दोनदा डोकावून गेली. मी कागद पुढे घेऊन बसलोय. माणूस गेल्यावर लोक लिहितात ना, मनमिळाऊ, परोपकारी, कष्टाळू. त्यातलं कष्टाळू तेवढं तुम्हाला लागू पडेल. मनमिळाऊ तुम्ही नव्हता. मीही नाही. म्हणूनच आपलं अकरा वर्षं जमलं आणि अकरा वर्षं वाजतही राहिलं.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आपल्या या अंगणात दोन गोष्टी लपवल्या गेल्या. एक तुम्ही माझ्यापासून लपवलीत, एक मी तुमच्यापासून. तुमची उघडी पडली आणि तिच्यावरून मी तुम्हाला नको नको ते सुनावलं. माझी मी दाबून ठेवली, ती शेवटपर्यंत तुम्हाला कळली नाही. सुमन म्हणते, आता लिहून काय उपयोग. तिचं खरं आहे. तरी लिहितो.

आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या पुण्याच्या कारखान्याला टाळं लागलेलं होतं. लोखंडाच्या लेथवर चौदा वर्षं काढलेला मी माणूस, हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा भावाने घेतला होता, त्याचे पैसे आले होते, आणि मला एकच खूळ लागलं होतं, की यापुढे दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं नाही. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत तुमच्या चार ओळी दिसल्या. कापडगिरणीला सुताच्या लाकडी बॉबिन पुरवणारा लेथचा कारखाना, गिऱ्हाईक बांधलेलं, मालकीण थकल्यामुळे विकणे आहे. सुमनने विचारलं, पुलगाव कुठे आलं? भुसावळच्या पुढे कुठेतरी, एवढंच मला सांगता आलं.

तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात त्या लेथवरच. लुगड्याचा काचा घट्ट, नाकातोंडाला फडकं, आणि हळदूच्या लाकडाच्या पिवळ्या भुशाने भुवया, कानशिलं, हात सगळं माखलेलं. साठीची बाई नवरीसारखी हळद लागून उभी होती, मला हसू आलं. तुमच्या मालकांनी गिरणीतली फिटरची नोकरी करता करता हा लेथ उभा केला आणि ते गेल्यावर तुम्ही तो बंद पडू दिला नाही, हे यशवंताने स्टेशनवरून येतानाच सांगितलं होतं. पण मला वाटलं होतं तुम्ही खुर्चीवर बसून देखरेख करत असाल. तुम्ही माझ्याकडे न बघता हातातली बॉबिन पुरी केलीत, काचेच्या एका तुकड्यावर लोळवून पाहिलीत, टोपलीत टाकलीत, आणि मग विचारलंत, जेवून आले काय.

तुमची अट एकच होती. मागची खोली तुमच्याकडे राहणार, तुम्ही असेपर्यंत. मी म्हटलं, मी कारखाना घ्यायला आलोय, भाडेकरू घ्यायला नाही. तुम्ही म्हणालात, "भाडेकरू कायची? मी इथंच राहीन, अन् तुमचं चुकलं तं सांगीन." खरं तर या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचीच मला धास्ती वाटायला हवी होती. कागदावर लिहून देणार नाही, असं ताणून धरून मी तोंडी कबूल झालो. मग मी माझा प्रश्न विचारला. तोच विचारायला मी एवढ्या लांब आलो होतो. गिरणीचं काम पुढेही राहील ना?

तुम्ही भाकरी मोडत होता. दाराबाहेर बोट दाखवून म्हणालात, "गिरनी तं समोरच दिसून राह्यली, भाऊ."

बाहेर धुराड्यातून धूर निघत होता. पाळी सुटली होती आणि फाटकातून सायकलींची रांग लागली होती. मी ते उत्तर हो असं धरलं. पुढे कितीतरी वर्षं मी तुमचं ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, काकू. त्यात खोटं काही सापडत नाही.

महिन्याभराने सुमनला आणि सामानाला घेऊन आलो, आणि पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. मोटरीवरून लेथ फिरवणारा कातडी पट्टाच जागेवर नव्हता. यशवंता खाली मान घालून हसत होता. तुम्ही खोलीतून बाहेर आलात आणि शांतपणे सांगितलंत, पट्टा मी काढून ठेवला, तो देणार नाही, तुम्ही नवा आणा. मी भडकलो. कारखाना विकायचा आणि पट्टा ठेवून घ्यायचा, हा कुठला व्यवहार? तेव्हा तुम्ही मलाच विचारलंत, "बैल ईकला तं दावं कोनी देते काय? तुमच्याकडं देतात काय?"

आमच्याकडेही देत नाहीत. मी जुन्नरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. जनावर विकलं तरी दावं आपल्या घरी ठेवतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण लेथला कोणी बैल समजेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? वर्ध्याला जाऊन नवा पट्टा आणला आणि तो चढवताना तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटत राहिलो. सुमनने त्या दिवशी पहिल्यांदा तुमची बाजू घेतली. एवढी वर्षं सांभाळलेली वस्तू बाईने दिली, एक पट्टा ठेवला तर कुठे बिघडलं, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून या घरात माझ्या बाजूने कोणी उरलं नाही.

तुमचं आणि सुमनचं काय जमलं होतं ते मला कधीच नीट कळलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात ती हबकून गेली होती. इतकं ऊन असतं हेच तिला माहीत नव्हतं. दारंखिडक्यांना ओली पोती बांधायची, माठाखाली ओली रेती घालायची, दुपारी भिंतीला पाठ टेकायची नाही, हे सगळं तुम्ही तिला शिकवलंत. रडायला ती तुमच्याच खोलीत जायची, हे मला फार उशिरा समजलं. ती सांगते, तुम्ही तिची समजूत वगैरे काढत नव्हता. नुसत्या वाती वळत बसायचात आणि तिचं रडून झालं की म्हणायचात, चाल, आता भाजीचं पाहू. आणि दोघी मिळून बेसनाच्या पातोड्या थापायला घ्यायचात. संध्याकाळी माझ्या ताटात झणझणीत रस्सा यायचा आणि मी मूर्खासारखा विचारायचो, आज काय विशेष?

मग लाकडाचं प्रकरण. माझी समजूत अशी, की जो लोखंड कापतो त्याला लाकूड म्हणजे लोणी. जंगलखात्याच्या लिलावातला हळदू त्या वर्षी उशिरा आला. गिरणीची मागणी डोक्यावर होती, आणि मी ओले ओंडके फाडून लगेच लेथवर चढवायला निघालो. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून म्हणालात, "एक उन्हाळा खाऊ द्या त्याले." मी म्हटलं, काकू, गिरणी उन्हाळ्यापर्यंत थांबायची नाही. मनात म्हटलं, म्हातारीची मालकी अजून सुटत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा बोलला नाहीत. पण मी इकडे फाडत सुटलो होतो, तेव्हा तुम्ही यशवंताला हाताशी धरून मागच्या बाजूला अर्धे ओंडके सावलीत रचून घेतलेत आणि टोकाकडून तडकू नयेत म्हणून त्यांच्या तोंडांना शेण थापून ठेवलंत. मला वाटलं सरपणाची सोय चालली आहे.

माझ्या त्या बॉबिनी दिसायला सुरेख होत्या. पिवळ्याधमक, गुळगुळीत. गिरणीत गेल्या आणि पंधरा दिवसांत पोती भरभरून परत आल्या. लाकूड आतून ओलं होतं, ते वाळताना वाकलं. गिरणीतल्या फिरत्या चातीवर चढवली की बॉबिन थरथरायची आणि सूत तुटायचं. तुम्ही एक उचललीत आणि काचेवर सोडलीत. ती लंगडत लंगडत गेली आणि मध्येच थांबली. मी मान खाली घालून उभा होतो. आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, अशी तयारी ठेवली होती. तुम्ही काचेचा तुकडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, मागचे ओंडके उन्हाळा झाल्यावर घ्या, तोवर त्यांना हात लावू नका. त्या ओंडक्यांनी गिरणीचं काम आमच्याकडे टिकलं. तेव्हा मी तुमचे आभार मानले नव्हते. आज मानतो.

पुढची दोन वर्षं तुम्ही मला लाकूड शिकवलंत. म्हणजे माझ्यावर ओरडलात. तुमची मनगटं गेली होती, पटाशी धरवत नव्हती, तर तुम्ही माझ्या पाठीमागे पोतं टाकून बसायचात आणि नुसत्या आवाजावरून सांगायचात, "दाबून राह्यले तुम्ही." लोखंडाला दाबावं लागतं, लाकडाला पटाशी टेकवायची असते, हे माझ्या हाताला उमजायला किती महिने लागले. मी चिडायचो, पटाशी आपटायचो, सुमनचा चहा नाकारायचो. मग एक दिवस माझी बॉबिन काचेवरून सरळ गेली आणि पलीकडून खाली पडली. तुम्ही म्हणालात, "हं." बस, तेवढंच. चौदा वर्षांत पुण्याच्या कोणा साहेबाने खांद्यावर हात ठेवून जे सांगितलं नव्हतं ते मला त्या हुंकारात मिळालं, आणि मी बाहेर जाऊन उगाचच हौदावर तोंड धुऊन आलो.

गिरणीने लाकडी बॉबिनी घेणं थांबवलं ते एकदम नाही. आधी निम्म्या, मग पाव, मग प्लास्टिकच्याच आल्या. तिथला स्टोअरकीपर भला माणूस होता. चहा पाजून समजावत होता, की सगळीकडे हेच चाललंय, त्याच्या हातात काही नाही. आणि बोलता बोलता सहज म्हणाला, "गयाबाईले तं मी तवाच सांगतलं होतं ना, तुम्ही यायच्या पह्यले. प्लास्टिकचे नमुने येऊन पडले होते." मी चहा तसाच ठेवून उठलो.

त्या दुपारी मी तुम्हाला जे बोललो ते तुम्हीही विसरला नसाल, यशवंताही विसरलेला नाही. तुम्ही अंगणात सूप घेऊन गहू निवडत होता. मी म्हटलं, तुम्ही मला बुडवलंत. माहीत असताना विकलंत. माझ्या बायकोला घरदार सोडायला लावलंत. तोंडाला येईल ते बोलत गेलो. हे पाप कुठे फेडाल, असंही बोललो. इथे लिहितानाही तो शब्द मला नको वाटतो. तुम्ही सुपावरची नजर काढली नाहीत. माझं बोलून संपल्यावर म्हणालात, "मंग जा ना वापस. मी काई धरून ठेवलं काय तुमाले?" हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत.

मी दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी पकडली.

आता ती माझी गोष्ट. पुण्याचा कारखाना तोवर केव्हाचा सुरू झाला होता. जुना फोरमन मला पाहून खूष झाला. म्हणाला, नवीन पोरांचा हात बसत नाही, तुझ्यासाठी जागा आहे, सोमवारपासून ये. साहेबाने त्याच दिवशी सही करून कागद दिला. काकू, मला नोकरी मिळाली होती. तो कागद खिशात घालूनच मी पुलगावला परत आलो. सुमनला आणि सामानाला न्यायला आलो होतो, दुसऱ्या कशालाही नाही.

सकाळी गाडीतून उतरलो आणि बॅग घेऊन कारखान्याच्या गल्लीत वळलो, तर लेथचा आवाज. आत तुम्ही उभ्या होता, दोन्ही मनगटांना फडकी करकचून बांधून. पोळा आठ दिवसांवर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली पोरं लाकडाचे बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, हा तान्हा पोळा आमच्या जुन्नरकडे कोणाला माहीत नाही. काम कमी झाल्यापासून तुम्ही माझ्या मागे लागला होता, की आपण असे बैल करू. मी दरवेळी उडवून लावलं होतं. मी कारागीर आहे, खेळणीवाला नाही, असं माझं ठरलेलं उत्तर होतं.

मी गेलो त्या तीन दिवसांत तुम्ही परत आलेल्या बॉबिनींची पोती सोडली होती. यशवंताने सागाच्या तुकड्यांतून बैलांची अंगं कोरली होती आणि त्यांना पाय म्हणून बॉबिनी बसवल्या होत्या. बुडाशी पितळी कडं असलेली बॉबिन उभी केली की बैलाच्या पायासारखी दिसते, हे तुमच्याशिवाय कोणाला सुचलं असतं? आणि थरथरली तरी पायाला काय फरक पडतो. यशवंताच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला, म्हणून मी त्याला एकदा विचारलं होतं, की तुला बैल करायला चालेल का. तो म्हणाला होता, पोरायचं खेळणं हाय भाऊ, देव थोडीच हाय.

बैलांखाली बसवायची चाकं तुम्ही कातत होता. टोपलीभर झाली होती. मी एक उचललं आणि काचेवर सोडलं. चार बोटं जाऊन ते आडवं झालं. दुसरं घेतलं, तेही तसंच. टोपलीत एकही चाक गोल नव्हतं. तुम्ही लेथ थांबवला आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिलात. तुम्हाला ते माहीत होतं. तरी तुम्ही तीन दिवस कातत होता.

मी म्हटलं, "सरका." तुम्ही सरकलात. मी बॅग कोपऱ्यात ठेवली, बाह्या सारल्या आणि संध्याकाळपर्यंत चाकं कातली. मध्ये एकदा तुम्ही पाठीमागून विचारलंत, "नाई भेटली काय नौकरी?" मी मान हलवली आणि पुढचं चाक चढवलं. ती मान कशी हलली ते तुम्ही तुमच्या मनाने ठरवलंत. गिरणीचं मी ठरवलं होतं तसंच.

मी का राहिलो? तुमची दया आली म्हणून नाही, तसं समजू नका. दया यावी अशी तुम्ही बाईच नव्हता. खरं सांगायचं तर पुण्यात फोरमनशी बोलत उभा होतो तेव्हाच मला कंटाळा आला होता, पण तो कबूल करायची लाज वाटत होती. लेथवर हळदूचा वास नाकात गेला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सोमवार आला आणि गेला. कागद सुमनला माझ्या शर्टाच्या खिशात सापडला. तिने वाचला, घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाली, तुम्हाला राहायचं असेल तर माझी ना नाही, पण काकूंना हे सांगा. त्या मनाला लावून घेतायत. मी म्हटलं, सांगतो.

नाही सांगितलं. का, ते आज लिहितो. तुमचं ते मनाला लावून घेणं मला सोयीचं होतं. तुम्ही माझ्या कामात खोट काढलीत की मी म्हणायचो, अडकवलंत ना, मग आता सोसा. आणि तुम्ही गप्प व्हायचात. तुम्हाला गप्प करणारं दुसरं काहीच माझ्याकडे नव्हतं. वर्षातून दोन-चारदा तरी मी ते वापरलं. सुमनने ऐकलं की ती दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. पण माझी गोष्ट तिने माझ्या वतीने तुम्हाला सांगितली नाही. ती म्हणायची, हे तुमच्या तोंडूनच जायला हवं.

बैलांनी आपल्याला तारलं. पहिल्या वर्षी पुलगावच्या बाजारात, मग आर्वी, हिंगणघाट, वर्धा. इथल्या लष्करी डेपोतले परगावचे लोक बदली झाली तरी पोरांसाठी बैल घेऊन जायचे. वर्षाचे बाकीचे महिने पाळण्याच्या दांड्या, खाटेचे पाय, लाटणी. समोर गिरणीच्या पाळ्या तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. फाटकासमोरची खानावळ मिटली, सायकलवाला नागपूरला गेला. एका दुपारी भोंगा वाजलाच नाही. दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं नाही म्हणून मी इथे आलेला माणूस, आणि त्या दुपारी मला जेवण जाईना. तुम्ही अंगणात उभ्या राहून बराच वेळ त्या बाजूला पाहत होता. तुमच्या मालकांचं सगळं आयुष्य त्या भोंग्यावर गेलं होतं. मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

गेल्या पौषात अकोल्याकडचा एक तरुण आला. कारखाना विकणार का म्हणून विचारत होता, लग्न नुकतंच झालेलं, हुशार दिसत होता. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. गिरणी थांबली आहे, हळदू मिळत नाही, पोळा सोडला तर वर्ष ओढूनताणून जातं. एकही गोष्ट लपवून ठेवली नाही. त्याने चहा संपवला, नमस्कार केला आणि गेला. मी तडक तुमच्या खोलीत आलो. तुम्ही खाटेवर होता, दम लागत होता, उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं, एक जण विकत घ्यायला आला होता, मी त्याला खरं ते सगळं सांगून टाकलं. कशासाठी सांगायला आलो होतो ते तुम्ही ओळखलं असणार. इतक्या वर्षांनंतरही मला तुम्हाला टोचायचं होतं.

"बरं केलं," तुम्ही म्हणालात. थोडा दम खाल्लात. मग म्हणालात, "तीन जनायले म्या बी सांगतलं होतं, तुमच्या पह्यले. तिघंबी चहा पेऊन गेले. रोज भंगारवाला दारात येऊन उभा राहे. चौथ्याच्या वक्ताले मले नाई जमलं."

इतकी वर्षं ज्या उत्तरासाठी मी भांडत होतो ते तुम्ही असं देऊन टाकलंत. आणि माझ्या हातात काहीच उरलं नाही. तुम्ही चुकलात, हे मी आजही म्हणेन. विचारलं होतं तेव्हा सांगायला हवं होतंत. पण त्या तिघांसारखा मीही चहा पिऊन गेलो असतो, हेही तितकंच खरं आहे.

मी उठणार तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात. तुमच्या बोटांत पकड राहिली नव्हती. म्हणालात, "तवा पुन्यात नौकरी भेटली असती तं तुम्ही सुटले असते, भाऊ. म्या अडकवलं तुमाले. झोपलं का तेच येऊन राह्यते मनात."

सुमन पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. एका वाक्याचं काम होतं, काकू. मी म्हटलं, "औषध घेतलंत का?" तुम्ही म्हणालात, घेतलं. मी हात सोडवून बाहेर आलो. पाळण्याच्या दांड्या द्यायच्या होत्या, त्या कातायला लागलो. मनाशी म्हटलं, उद्या निवांत बसून सांगू. असे किती उद्या गेले ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या प्रत्येक दिवशी मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. कधी तुम्ही झोपलेल्या असायचात, कधी लेक आलेली असायची, आणि कधी काहीच कारण नसायचं. मग तुम्हाला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मी खाटेशी वाकलो, बोललोही, पण तोवर तुम्ही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. नर्स म्हणाली, त्यांना आता समजत नाही.

म्हणून इथे लिहितो. मला नोकरी मिळाली होती, काकू. साहेबाच्या सहीचा कागद खिशात होता. मी सुटलेलोच होतो. परत आलो तो माझ्या पायांनी आलो, आणि राहिलो तो मला इथे राहावंसं वाटलं म्हणून. तुम्ही मला अडकवलं नाहीत. एवढं सांगायला मला आठ वर्षं मिळाली होती.